विमानाच्या वाटेवर आतषबाजी नको

दिवाळी, नववर्षाची पूर्वसंध्या, क्रिकेटमधील विजय किंवा घरचे लग्न, आकाशात आतषबाजी झाल्याशिवाय आनंद साजरा झाला असे आता कोणालाच वाटत नाही. फटाक्यांचा धूर आणि आवाज यांची चर्चा दरवर्षी होते. विमानतळाच्या परिसरात उंच उडणारे फटाके लावण्यातील धोक्याची चर्चा मात्र क्वचितच होते. मुंबई पोलीस विमानतळाच्या परिसरासाठी वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात, त्यांत पॅराग्लायडर, फुगे, पतंग आणि लेझर किरण यांच्या जोडीला उंच उडणाऱ्या फटाक्यांचाही उल्लेख असतो. या मनाईमागे कोणती कारणे आहेत, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न उंचीचा. दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाला जमिनीवरच्या बाणाचे भय नाही. परंतु उतरताना विमान साधारणपणे तीन अंशांच्या उतारावरून खाली येते. धावपट्टीच्या टोकापासून दोन किलोमीटरवर असताना ते धावपट्टीच्या पातळीपासून सुमारे १२० मीटर उंचीवर असते आणि एक किलोमीटरवर ही उंची जेमतेम ६५ ते ७० मीटर उरते. घरगुती बाण काही दहा मीटर सहज वर जातो, तर सार्वजनिक आतषबाजीतील मोठे गोळे शंभर ते दोनशे मीटरवर जाऊन फुटतात. त्यातही बाण गच्चीवरून सोडला, तर इमारतीची उंची त्यात आपोआप मिळवली जाते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून येणारी विमाने कुर्ला-घाटकोपरच्या दाट वस्तीवरून उतरतात. टेकड्यांवरील घरांच्या बाबतीत तर विमान आणि जमीन यांतील अंतर आणखी कमी होते.

एखाद्या बाणाने विमान कोसळेल, असा याचा अर्थ नव्हे. खरा धोका आहे तो वैमानिकाच्या डोळ्यांना आणि त्याच्या एकाग्रतेला. रात्री उतरताना विमानाच्या कक्षातील दिवे मंद केलेले असतात, कारण बाहेरचे दिवे स्पष्ट दिसावेत म्हणून डोळे अंधाराला सरावलेले असावे लागतात. हा सराव पूर्ण व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि समोर झालेल्या एका लखलखाटाने तो क्षणात मोडतो. त्या वेळी विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे दर सेकंदाला सुमारे सत्तर मीटर. डोळे दिपलेले असताना गेलेली तीन सेकंदे म्हणजे दोनशे मीटरहून अधिक अंतर होय.

दुसरी गोष्ट सर्वसामान्यांना सहसा ठाऊक नसते. आपल्याला जी केवळ रंगांची उधळण वाटते, ती वैमानिकाच्या दृष्टीने एक भाषा असते. धावपट्टीशेजारी चार दिव्यांची एक ओळ असते. त्यांतील दोन पांढरे आणि दोन लाल दिसले, तर विमान योग्य उतारावर आहे. चारही लाल दिसले, तर ते धोकादायकरीत्या खाली आले आहे. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांनुसार जमिनीवरून सोडलेल्या लाल अग्निबाणाचाही ठरलेला अर्थ आहे : आधीच्या सूचना काहीही असोत, तूर्त उतरू नका. थोड्या थोड्या अंतराने एकेक सोडलेले लाल बाण हा तर संकटाचा संकेत मानला जातो. वैमानिकाला आपल्या उत्सवाची कल्पना असते, हे खरे. तरीही समोरचा प्रकाश कशाचा आहे, हे ठरविण्यात त्याचे लक्ष विभागले जातेच.

याशिवाय पक्ष्यांचा प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये हवामान रडारच्या साह्याने झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नववर्षाच्या मध्यरात्री आतषबाजी सुरू होताच पक्ष्यांचे मोठे थवे घाबरून उडतात आणि सुमारे पाचशे मीटर उंचीपर्यंत जातात. पक्ष्यांचा थवा इंजिनात शिरल्यास काय होते, हे १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जगाने पाहिले. दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान हडसन नदीत उतरवावे लागले आणि वैमानिकाच्या कौशल्यामुळेच १५५ जणांचे प्राण वाचले. गंमत अशी की, धावपट्टीवरील पक्षी हाकलण्यासाठी अनेक विमानतळांवर स्फोटक आवाजांचाच वापर होतो. मात्र तो प्रशिक्षित कर्मचारी करतात, आणि विमानांच्या वेळा सांभाळून करतात.

विमानतळाच्या कुंपणालगत आणखी वेगळी भीती असते. तेथे विमानांत इंधन भरले जात असते. हे इंधन केरोसिनच्या जातीचे असून ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. जळता बाण कोठे पडेल, हे सोडणाऱ्याच्या हाती नसते. कोरड्या गवताला आग लागू शकते आणि धावपट्टीवर पडलेला कचरा इंजिनात ओढला जाऊ शकतो. वारा पडलेला असेल, तर जमिनीलगत साचलेला धूर दृश्यमानता घटवितो, तो निराळाच. फटाके सामानात घालून विमानाने नेण्यास जी सक्त बंदी आहे, तीही याच आगीच्या भयापोटी.

यावर उपाय अवघड नाही. ब्रिटनच्या नागरी हवाई वाहतूक प्राधिकरणाने लेझर, शोधदीप आणि आतषबाजी यांच्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका केली आहे. मोठ्या आतषबाजीची वेळ, ठिकाण आणि उंची यांची पूर्वसूचना मिळाली, तर नियंत्रण कक्ष वैमानिकांना सावध करू शकतो. गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवरून ऐनवेळी सुटणाऱ्या बाणाची पूर्वसूचना मात्र कोणालाच नसते. म्हणूनच येथे कायद्यापेक्षा नागरिकांच्या विवेकाची गरज अधिक आहे. मुंबईत कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, विलेपार्ले किंवा पुण्यात लोहगाव, विमाननगर येथील संस्थांनी उंच उडणारे बाण आणि आकाशकंदिलासारखे तरंगते दिवे यांना सरळ नकार द्यावा. फुलबाज्या, भुईचक्रे आणि भुईनळे यांनी मुलांचा आनंद कमी होत नाही. डोक्यावरून उतरणाऱ्या विमानातही कोणी सणासाठी घरी निघालेले असते.