इन्सुलिन, वजन आणि तुळजापूरची वाट

इन्सुलिन सुरू झालं की वजन वाढतं, ही तक्रार खोटी नाही. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की लघवीतून वाहून जाते. इन्सुलिन ही गळती थांबवतं आणि तीच साखर अंगी लागते. म्हणून डोस परस्पर कमी करू नये, त्यात धोका आहे. कमी करायचं ते ताटात. ज्वारीची भाकरीसुद्धा मोजूनच (धाराशिवकरांना हे पटणं अवघड!), एक भाकरी कमी, तिच्या जागी मटकीची उसळ, पालेभाजी. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तेल आणि दाण्याचं कूट.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला सुमारे ४५ किलोमीटर चालत जाणाऱ्यांनी डोसाचं डॉक्टरांना आधीच विचारावं. एवढ्या चालीनंतर साखर रात्री झोपेतही उतरू शकते. निघण्याआधी इंजेक्शन मांडीत नको, पोटावर घ्यावं. घाम फुटला, हात थरथरले आणि ग्लुकोमीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. अशा वेळी प्रसादाचा पेढा कामाचा नाही, खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते.