शेर दुसऱ्याला ऐकवावा लागतो

कविता शिकवता येत नाही, ती आतूनच यावी लागते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. सुचणे आपल्या हाती नसते. सुचलेले नीट करणे मात्र शिकता येते.

उर्दूत यासाठी एक शब्द आहे, इस्लाह. इस्लाह म्हणजे सुधारणा. शागीर्दाने गझल उस्तादाला दाखवायची, उस्तादाने ती दुरुस्त करून परत द्यायची. मिर्झा गालिब (१७९७-१८६९) दिल्लीत बसून हे काम टपालानेही करत. हरगोपाल तफ्ता हे त्यांचे लाडके शागीर्द. मराठीत ही परंपरा सुरेश भटांनी (१९३२-२००३) रुजवली. नवोदितांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली.

ही दुरुस्ती होते कशी? आम्ही कुर्डुवाडीकर रेल्वेच्या गावचे, तेव्हा उदाहरण रुळांचेच घेऊ. समजा, एखाद्या नवख्याने लिहिले, ‘फार गाड्या रोज गेल्या, रूळ मागे राहिले.’ वृत्त बिनचूक आहे. ‘गालगागा’ तीनदा आणि शेवटी ‘गालगा’. पण ऐकणारा विचारतो, ‘रोज’ आहे ना, मग ‘फार’ कशाला? ते केवळ जागा भरायला आले आहे. कवी घरी जातो, चार दिवस घोळवतो आणि लिहितो, ‘माणसे गाडीत गेली, रूळ मागे राहिले.’ वृत्त तेच, पण आता ओळीत विरह आला. लिहिणाऱ्याला आपला भरतीचा शब्द सहसा दिसत नाही, कारण त्याच्या मनात अर्थ आधीच पुरा असतो. म्हणून दुसऱ्याचा कान लागतो.

नुसत्या रियाजाने हे साधत नाही. एकट्याने शंभर गझला लिहिल्या, तरी तीच खोड शंभरदा गिरवली जाण्याची भीती असते. नुसत्या ‘वाहवा’नेही साधत नाही. तिने उमेद वाढते, ओळ सुधारत नाही.

मग लहान गावात उस्ताद कुठून आणायचा? चार मित्र पुरतात. आठवड्याला एकदा बसावे. प्रत्येकाने एकच रचना दोनदा वाचावी. ऐकणाऱ्यांनी कान कुठे अडखळला, तेवढेच सांगावे. कवीने वकिली करू नये; वहीत खूण करावी आणि तीच रचना पुढच्या आठवड्यात पुन्हा आणावी. सगळ्याच सूचना मानायच्या नसतात, पण तिघे एकाच शब्दाशी थांबले, तर तो शब्द कितीही लाडका असला तरी सोडावा. ते जिवावर येते. पण कवितेपेक्षा शब्द मोठा नसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)