मधला आवाज

चित्रपट घरबसल्या पाहण्याची सोय झाल्यापासून एक तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. ‘गाणी कानठळ्या बसवितात, पण ही माणसे बोलतात काय ते काही समजत नाही.’ तक्रार करणारे बहुधा घरातले वडीलधारे असतात, आणि ‘आता कान थकले तुमचे’ असे म्हणून धाकटी मंडळी ती उडवून लावतात. कान थकतात हे खरे. तथापि कित्येकदा दोष कानांचा नसून पडद्याखाली आडव्या ठेवलेल्या एका पेटीचा असतो. त्या पेटीस सेंटर स्पीकर म्हणतात. आपण तिला मधला स्पीकर म्हणू. चित्रपटातील बहुतेक संभाषण तिच्यातूनच बाहेर पडते.

डावा व उजवा असे दोन स्पीकर असताना हा तिसरा कशाला, असे कोणी विचारील. एकट्या श्रोत्यास तो खरोखरच नको. दोन स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसले म्हणजे दोहोंतून येणारा एकच आवाज मधल्या रिकाम्या जागेतून आल्याचा भास होतो. पण हा भास मोठा नाजूक. हातभर बाजूला सरकावे, की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि दिशा ठरविताना कान आधी आलेल्यावरच विश्वास ठेवतो. मग पडद्याच्या मध्यभागी उभी असलेली नायिका डाव्या कोपऱ्यातून बोलू लागते. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकविले, तेव्हा त्यांनी डावा, मधला व उजवा असे तीन मार्ग योजले होते. सभागृहात सर्वांनाच मधोमध बसता येत नाही. घरातल्या दिवाणावरही येत नाही. तेव्हा मधला स्पीकर हा मधोमध बसणाऱ्यासाठी नव्हे, कडेला बसणाऱ्यासाठी असतो, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

चित्रपटगृहात तो सच्छिद्र पडद्यामागे उभा राहतो. दूरचित्रवाणीच्या पडद्याला छिद्रे नाहीत. म्हणून घरी त्याला पडद्याखाली जावे लागते, आणि जागा बुटकी म्हणून आडवे व्हावे लागते. येथेच घोटाळा होतो. बाजारातील बहुसंख्य मधल्या स्पीकरांची रचना अशी असते: दोन टोकांना खर्ज व मध्य स्वर काढणारे दोन वूफर, आणि त्यांच्या मध्ये तार स्वरांचा एक लहानसा ट्वीटर. दिसावयास ही जोडी फार सुबक दिसते. परंतु दोन्ही वूफर एकच आवाज काढीत असतात. समोर बसलेल्यास दोहोंच्या लहरी एकाच वेळी मिळतात. बाजूला बसलेल्यास एका वूफरचे अंतर दुसऱ्याहून अधिक पडते, आणि तो फरक अर्ध्या तरंगलांबीइतका झाला, की एकाची उंचवटी दुसऱ्याच्या खळग्यात पडून आवाज विरतो.

थोडा हिशेब करू. सेकंदाला २००० कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर, तिचे अर्ध साडेआठ. दोन वूफरांच्या केंद्रांत ३३ सेंटिमीटर अंतर असेल, तर अवघ्या १५ अंशांवर हा फरक पडतो. तीन मीटरवरच्या दिवाणावर १५ अंश म्हणजे मध्यापासून ८० सेंटिमीटर, अर्थात शेजारचेच माणूस! ३० अंशांवर हाच घाला १००० कंपनांच्या आसपास पडतो. भिंतींवरून परतणारे ध्वनी ही पोकळी काहीशी भरून काढतात, पण पुरती नाही. आणि नेमक्या याच पट्ट्यात बोलण्याची स्पष्टता पुष्कळशी साठलेली असते. मग आवाज वाढवा म्हणून आजी सांगतात, आणि पुढच्याच गाण्याला घर हादरते.

गंमत अशी, की ही रचना मुळात वाईट नाही. जोसेफ डापोलितो यांनी १९८३ साली तिची शास्त्रीय मांडणी केली ती उभ्या पेटीसाठी. उभी असताना तिचा आवाज वर-खाली कमी पसरतो, म्हणजे छत व जमीन यांचा उपद्रव घटतो. तीच पेटी आडवी निजविली, की छताचा लाभ होतो व पाहुण्यांचे नुकसान!

मग घ्यावे काय? मला विचाराल तर डाव्या-उजव्या स्पीकरांच्या जातीचाच तिसरा घेऊन तो उभा ठेवणे सर्वांत उत्तम. पडद्यावरून बोलत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच पालटत नाही, हा त्याचा दुसरा लाभ. पण त्यासाठी पडदा उंच लावावा लागतो, आणि दुकानदार बहुधा जोडीच विकतो. आडवी पेटीच हवी असेल, तर दोन वूफरांच्या मध्ये मध्य स्वरांचा एक लहान स्पीकर आणि बरोबर त्याच्या डोक्यावर ट्वीटर, अशी तीन मार्गांची पेटी घ्यावी. तीत वूफरांचे काम ४०० कंपनांच्या आसपास संपते. तेथे अर्धी तरंगलांबी ४३ सेंटिमीटर. वूफरांत ४० सेंटिमीटर अंतर असले, तरी श्रोता कितीही बाजूला बसो, तितका फरक पडूच शकत नाही. अशी पेटी महाग असते. पैसे बेताचे असतील, तर एक वूफर व एक ट्वीटर असलेली साधी उभी पेटी त्या देखण्या आडव्या जोडीपेक्षा मी केव्हाही पसंत करीन. आणि घरात पाहणारे एकटेच असाल, तर काहीच घेऊ नका.

पेटी फळीच्या मागे ढकलू नये. पुढच्या कडेशी आणून तिचे तोंड कानांकडे किंचित उचलावे. खरेदीपूर्वी दुकानात मधला स्पीकर तेवढा चालू ठेवून एखादे बातमीपत्र लावावयास सांगावे, आणि ऐकत ऐकत मधून कडेकडे सरकावे. निवेदकाचा आवाज कोंदट किंवा पोकळ होऊ लागला, तर ती पेटी आपल्या घरची नव्हे. दुकानदाराने खुर्ची बहुधा बरोबर मध्ये मांडलेली असते. ती उचलून बाजूला नेण्यास संकोच करू नये.