लिहू पाहणाऱ्यांसाठी : लेखांक ६
परीक्षणातून लेखनाकडे

मागच्या लेखांकात रोजनिशीचा विचार केला. रोजनिशीत अनुभव साठतो. पण तो वाक्यात उतरायचा तर भाषा हाताशी असावी लागते, आणि दिल्लीत राहून मराठीत लिहू पाहणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. पहाडगंजात विषयांना तोटा नाही. मेन बाजारातली गर्दी, नवी दिल्ली स्टेशनावर उतरून स्वस्त लॉज शोधणारी माणसे, पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदलेली कुटुंबे, सारे समोर आहे. मात्र नूतन मराठी शाळा किंवा बृहन्महाराष्ट्र भवन यांच्या आवाराबाहेर पाऊल टाकले की कानावर हिंदी आणि पंजाबीच पडते. अशा ठिकाणी प्रेरणेची वाट पाहत बसण्यापेक्षा इतरांच्या पुस्तकांचे लेखी परीक्षण नेमाने करावे, असे माझे म्हणणे आहे. ते छापून येवो न येवो, लिहिणाऱ्याला त्याचा लाभ होतोच.

याचा ठळक दाखला मराठी कादंबरीच्या इतिहासात आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात असताना शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले आणि १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यावर ‘निबंधचंद्रिका’ मासिकात प्रदीर्घ टीका लिहिली ती हरि नारायण आपटे यांनी. हरिभाऊंचा जन्म १८६४ चा, म्हणजे टीकाकार अगदी तरुण, आणि ज्यांच्या पुस्तकावर टीका करायची ते आगरकर त्यांचे शिक्षक. पुढे १८८५ मध्ये हरिभाऊंची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी येऊ लागली; १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचकांसमोर आली. परीक्षण लिहिले म्हणूनच कादंबऱ्या झाल्या, असे सिद्ध करता येणार नाही. पण भाषांतराचे परीक्षण कोणते कष्ट मागते ते पाहा. परक्या भाषेतला माणूस मराठीत कसा बोलेल, कुठले वाक्य ओठांवर बसेल आणि कुठले पुस्तकीच राहील, हे ओळीओळीला ठरवावे लागते. ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूसारख्या विधवेला स्वतःच्या तोंडाने, घरातल्या मराठीत सगळी कहाणी सांगायला लावणाऱ्या लेखकाला नेमका हाच प्रश्न सोडवायचा होता.

नुसते वाचताना ‘आवडले’ किंवा ‘कंटाळा आला’ एवढ्यावर आपण थांबू शकतो. परीक्षण लिहिणाऱ्याला कारण द्यावे लागते, आणि कारण शोधताना दुसऱ्याच्या लेखनाची बांधणी उलगडते. त्याहून मोलाचा असतो तो मतभेद. समजा, पहाडगंजातली एखादी वाचक पुण्यात घडणाऱ्या कादंबरीवर लिहिते आहे. संवाद उत्तम आहेत, हे ती मोकळेपणाने नोंदवते. मग तिच्या लक्षात येते की या कादंबरीतली सगळी माणसे घरात, दारात, बाजारात एकच भाषा बोलतात. आपल्या घरातले मूल आजीशी मराठीत बोलते, गल्लीत हिंदीत भांडते आणि दोन्ही भाषांत वेगळेच वागते. त्याचे बोलणे कागदावर कसे आणायचे? हा प्रश्न त्या कादंबरीने सोडवलेला नाही, तिला सोडवायची गरजही नव्हती. आता तो परीक्षण लिहिणारीचा झाला, आणि तिची कथा तिथून सुरू होऊ शकते.

यावर पहिला आक्षेप असा की चिकित्सेची सवय लागली की निर्मितीचा झरा आटतो. बा. सी. मर्ढेकरांचे उदाहरण याच्या उलट आहे. ‘शिशिरागम’ हा कवितासंग्रह १९३९ चा, ‘वाङ्मयीन महात्मता’ हे चिकित्सक लेखन १९४१ चे आणि मराठी कवितेचे वळण बदलणारा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. त्यांची समीक्षा आणि त्यांची सर्वांत धाडसी कविता एकाच दशकात घडली. कुसुमावती देशपांडे यांनीही कथा लिहिल्या आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा समीक्षाग्रंथही सिद्ध केला. दुसरा आक्षेप अनुकरणाचा. तो धोका खरा आहे. पण अनुकरण बहुधा न तपासलेल्या भक्तीतून येते. एखादी लकब का परिणाम करते हे ज्याला सांगता येते, त्याला ती टाळताही येते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. दिल्लीतले मराठी वर्तुळ लहान. लेखक, परीक्षक आणि वाचक एकमेकांच्या ओळखीचे. तिथे परीक्षणाचे गौरवपत्र व्हायला वेळ लागत नाही, आणि गौरवपत्रातून लिहिणारा काहीच शिकत नाही. म्हणून सुरुवात आपल्या परिचयाबाहेरच्या पुस्तकांपासून करावी. जुनी पुस्तके यासाठी फार उपयोगी. प्रत्येक परीक्षणात तीन गोष्टी निश्चित लिहाव्यात : साधलेली एक जागा आणि ती का साधली, आपण वेगळी लिहिली असती अशी एक जागा आणि त्याचे कारण, आणि आपल्या जगण्यातले असे काही, ज्याला या पुस्तकाने स्पर्श केलेला नाही. पहिल्या दोन नोंदी आपल्याला कसब शिकवतात. तिसरी आपला विषय दाखवते, म्हणून तिच्यासाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा. दोन भाषांत जगणाऱ्या पात्रांचे संवाद कसे लिहावेत, हा प्रश्न वर आलाच आहे. पुढच्या लेखांकात तोच घेऊ.