आणीबाणी संपवायची कुणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या मोहल्ल्यात पावसापुरती म्हणून बांधलेली ताडपत्री दिवाळी उलटली तरी तशीच असते. बांधणारा ठरलेला असतो, सोडणारा नसतो. देशाची आणीबाणीही अशीच राहून जाते. याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे.

सिनेटर फ्रँक चर्च आणि चार्ल्स मथायस यांच्या समितीने १९७३ मध्ये जुने दप्तर तपासले. तेव्हा तिथे एक नव्हे, चार आणीबाण्या चालू होत्या. १९३३ ची बँका बुडाल्या म्हणून, १९५० ची कोरियाच्या युद्धासाठी, १९७० ची टपाल कर्मचाऱ्यांच्या संपामुळे आणि १९७१ ची परदेशी व्यापारातल्या अडचणींमुळे. टपालाचा संप काही दिवसांतच मिटला होता. घोषणा मागे घ्यायचे मात्र राहून गेले! ही विसराळूपणाची गंमत नव्हे. अशा घोषणांवर सुमारे ४७० कायदेशीर तरतुदी अवलंबून होत्या. मालमत्ता ताब्यात घेणे, प्रवासावर बंधने घालणे, लष्करी कायदा लावणे, सारे त्यांत होते.

१४ सप्टेंबर १९७६ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्या दिवशी आपल्याकडेही आणीबाणी होती, आणि तीही दुहेरी. १९७५ ची सर्वांना आठवते. १९७१ च्या युद्धाची मात्र युद्ध संपून पावणेपाच वर्षे झाली तरी उठली नव्हती.

अमेरिकेच्या त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. अध्यक्षांनी दरवर्षी मुदत वाढवली नाही तर आणीबाणी आपोआप संपेल. आणि संसदेची दोन्ही सभागृहे साध्या बहुमताने ती केव्हाही संपवू शकतील. पण १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्याच एका खटल्यात निर्णय दिला, की अध्यक्षांपुढे न ठेवता अशा ठरावांना कायद्याचे बळ येत नाही. त्यामुळे १९८५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ठरावावर अध्यक्षांची सही लागू लागली. म्हणजे ज्याने ताडपत्री बांधली, त्यालाच विचारून ती सोडायची. त्याने नकाराधिकार वापरला, तर दोन्हीकडे दोन-तृतीयांश मते हवीत.

२०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी आणीबाणी पुकारली. दोन्ही सभागृहांनी ती नाकारली, ट्रम्प यांनी ठराव फेटाळला आणि दोन-तृतीयांश मते काही जमली नाहीत. कोविडची आणीबाणी २०२३ मध्ये ठरावाने संपली, कारण बायडेन यांनी सही केली. आणि इराणमधल्या ओलिसांसाठी १९७९ मध्ये पुकारलेली? ओलीस १९८१ मध्ये घरी आले. आणीबाणीची मुदत मात्र प्रत्येक अध्यक्ष दरवर्षी वाढवत आला आहे.

आपण १९७८ मध्ये ४४ व्या घटनादुरुस्तीने नेमके उलटे केले. आणीबाणीला एका महिन्यात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी हवी, पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा हवी. पण ती उठवायला लोकसभेचे साधे बहुमत पुरते. चालू ठेवणे अवघड, संपवणे सोपे. तीस दिवसांत संसदेने मंजुरी दिली नाही तर घोषणा रद्द व्हावी, अशी विधेयके अमेरिकेत २०१९ पासून येत आहेत. दोन्ही पक्षांतले लोक त्यांच्या बाजूने बोलतात. कायदा मात्र अजून झालेला नाही.