बियाचा निवडुंग : सबुरीचा माल

कापडाची उधारी तीन महिने लांबली तर आमची झोप उडते. तोच माणूस खसखशीएवढे बी पेरून वर्षानुवर्षे फुलाची वाट पाहत बसतो, म्हणून भद्रकालीतले दोस्त आमची थट्टा करतात. थट्टा रास्तच आहे.

बांधावरचा शेर किंवा तीनधारी निवडुंग म्हणजे कॅक्टस नव्हे. तो मोडला की दूध निघते. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून झुबक्याने निघतात. ही मंडळी जवळजवळ सगळी अमेरिका खंडातली. आपला फड्या निवडुंगही तिकडचाच. आमच्या धंद्याशी त्याचे जुने नाते आहे. कापडाचा लाल रंग मिळावा म्हणून 1795 मध्ये फड्यावर जगणारा किडा ब्राझीलहून कलकत्त्यास आणला गेला. तो हलक्या जातीचा निघाला. रंगाचा व्यापार जमला नाही, फड्या मात्र किड्याने फस्त केला.

आम्ही 1995 साली गच्चीवर पहिले बी टाकले. जाड रेती, थोडे कुजलेले खत, वर काच. दोन आठवड्यांत मोहरीसारखे हिरवे मणी दिसले आणि वर्षाअखेर ते वाटाण्याएवढे झाले. काटे नसलेला, चांदणीच्या आकाराचा ॲस्ट्रोफायटम आमचा लाडका. त्याचे बी एका झाडावर धरत नाही. दोन वेगळ्या झाडांची फुले एकाच दिवशी उमलावी लागतात, मग ब्रशने पराग फिरवायचा.

नाशिकचे ऊन त्याला चालते, पाऊस नाही. एका पावसाळ्यात लग्नासाठी मालेगावला गेलो, मागे छपराचे प्लास्टिक फाटले. आठ दिवसांनी परतलो तर 40 पैकी 19 झाडे बुडापासून कुजलेली. बोट लावले की आत जायचे. दुकानात माल भिजला तर निम्म्या भावात तरी जातो, इथे तेही नाही.

खरेदी करणाऱ्यांनी पैठणीची उलटी बाजू पाहतो तसा झाडाचा बुंधा पाहावा. वर लाल-पिवळा गोळा आणि खाली हिरवी तीनधारी काठी असेल तर ते कलम होय. लाल गोळ्यात हरितद्रव्य नसते, काठीच त्याला पोसते. असे झाड सहसा काही वर्षांचेच सोबती. बियापासून वाढलेले झाड स्वतःच्या मुळांवर उभे असते, अंग सारखे आणि स्वच्छ. रानातून उपटलेले वेडेवाकडे, खरचटलेले दिसते. 2020 मध्ये इटलीत पोलिसांनी चिलीच्या वाळवंटातून चोरलेली हजारावर झाडे पकडली. त्यांतली आठशेवर 2021 मध्ये मायदेशी परत गेली. 1975 पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे कॅक्टसचे रोप परदेशी धाडायला कागदपत्रे लागतात, हे विसरू नये.

उलट सोनेरी काट्यांचा गोल कॅक्टस मेक्सिकोतल्या मुळ जागी संकटात आहे, पण बियाच्या लागवडीमुळे जगभर नर्सऱ्यांत स्वस्तात मिळतो. हा खरा व्यापार.

मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक आमची उरलेली 21 झाडे एकरकमी मागायला आले. भाव ऐकून घरची मंडळी गप्प झाली. आमच्यामागे मुले पाणी घालतील याची खात्री नाही, तेव्हा हिशेबाने देऊन टाकायला हवी होती. आम्ही सहा दिली. त्या पैशांत गच्चीवर लोखंडी छप्पर घातले, यंदा दोन फुलांवर पुन्हा ब्रश फिरवला आहे. फळ धरले आहे, बी अजून पिकायचे आहे.