मंजुरीचे पत्र आणि वाडीचा होकार



खेड, दापोली आणि चिपळूण तालुक्यांतील कातकरीवाड्यांवर गेलो की अधूनमधून कोणीतरी विचारते, "ताई, तपासायला माणसं येणार म्हणतात, रक्त काढतील. देऊ का आम्ही?" येणाऱ्यांकडे बहुधा मंजुरीचे पत्र असते. त्यामुळे आपल्या मंडळीतील काही हितचिंतकही विचारतात, की मंजुरी आहे तर आपण मध्ये कशाला पडायचे? म्हणून ही मंजुरी कोण देते आणि ती मिळाल्यावरही कोणता निर्णय बाकी राहतो, हे या अंकात सांगते.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आजारी मुलाला डॉक्टर औषध देतात, तो उपचार. सिकलसेल आहे का हे पाहण्यासाठी सरकारी पथक बोटातून रक्ताचा थेंब घेते, ती तपासणी. तिचा निकाल त्याच माणसाच्या उपयोगाचा असतो. संशोधनात मात्र अनेकांकडून माहिती किंवा रक्त घेऊन, अजून कोणालाच ठाऊक नसलेले उत्तर शोधायचे असते. त्याचा लाभ देणाऱ्याला होईलच असे नाही. कदाचित तो पुष्कळ वर्षांनी दुसऱ्याच कोणाला होईल. म्हणूनच देणाऱ्याला आधी नीट समजावून विचारावे लागते.

आपल्या देशात अशा संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असावेत आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा. डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि समाजशास्त्र, नीतिशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक असावा. आदिवासींबाबत ही तत्त्वे अधिक कडक आहेत. संशोधन त्यांच्याच आजारांचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यांच्या कामी येणारे हवे. सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्यांची परवानगी हवी. संमती घेताना जमातीतील जाणती माणसे, त्यांची बोली जाणणारी व्यक्ती आणि साक्षीदार हवेत.

इजा फक्त सुईनेच होते असे नाही, प्रश्नानेही होते. "नवरा मारतो का?" हे सासूसमोर विचारले, तर विचारणारा संध्याकाळी निघून जातो आणि बाई घरातच राहते. कोळसाभट्टीच्या मुकादमाकडून किती उचल घेतली, हे मुकादमाच्या माणसासमोर सांगितले तर पुढच्या हंगामात कामाची पंचाईत होते. हे ओळखूनच मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी वेगळी नीतितत्त्वे तयार झाली.

एवढी काळजी का, याचे उत्तर २००९ मध्ये मिळते. त्या वर्षी आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीचा अभ्यास सुरू झाला. १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना लस टोचली गेली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. खम्ममच्या आश्रमशाळांतील अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये अभ्यास थांबवला गेला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, आणि ती लस आज जगभर दिली जाते. पण आईवडिलांना न विचारता झालेल्या त्या सह्यांवर २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले.

याच देशात चांगले उदाहरणही आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले तेव्हा त्यांनी आदिवासींमधील सिकलसेलचा अभ्यास केला. लोकांना मात्र तो आपला मोठा प्रश्न वाटत नव्हता. मग बंग दांपत्याने लोकांनाच विचारत काम पुढे नेले. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली गेली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण, ही सेवा नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. आज रत्नागिरीतल्या एखाद्या वाडीवर बाळंतिणीच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते आणि बाळाचे वजन करते, ते गडचिरोलीच्या त्या गावांमुळे. म्हणून संशोधनाला सरसकट नको म्हणणे आम्हाला पटत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील सान आदिवासींनी संशोधकांचा अनुभव पुरेपूर घेतला होता. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःचीच आचारसंहिता लिहिली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही तिची मूल्ये. आमच्याकडे यायचे तर हे पाळून या, असे त्यांनी जगाला सांगितले.

आमच्या कामात सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. औषधे आणि मुलांच्या वह्या आमच्याकडून येतात, म्हणून वाडीवर आमच्या शब्दाला मान आहे. आम्ही पाहुण्यांबरोबर गेलो की लोक चटकन अंगठा देतात. तो होकार आम्हाला असतो, संशोधनाला नसतो. 'नाही म्हटलं तर मदत थांबेल' ही भीतीही असते. म्हणून आम्ही ओळख करून देतो, "नाही म्हणालात तरी औषधं आणि वह्या चालूच राहतील" हे सर्वांसमोर सांगतो, आणि संमती घेताना बाजूला होतो. त्याआधी संशोधकांना चार गोष्टी विचारतो: मंजुरी कोणत्या समितीची? रक्ताचे आणि माहितीचे पुढे काय होणार? आजार सापडला तर उपचार कोण करणार? आणि निष्कर्ष सांगायला पुन्हा वाडीवर येणार का?

शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर आले नाही, तर आम्ही ते तसेच वाडीला सांगतो. ठरवायचे वाडीने.

आपल्यापैकी कोणी शिक्षक, वकील किंवा निवृत्त कर्मचारी असाल आणि जवळच्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीत सामान्य सदस्य म्हणून बोलावणे आले, तर कृपया नाही म्हणू नका. कागद वाचताना कातकरीवाडीवरची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा, आणि हे तिला तिच्या बोलीत समजेल का, एवढे विचारा.